एकास चोवीस

आमच्या दाजींकडे चाळीसेक गाड्या आहेत. त्यांतली रस्त्यावर चालणारी एकच, आणि सगळ्यांत वाईट अवस्था तिचीच. डोंबिवलीत त्यांच्या सोसायटीच्या आवारात, शेवग्याच्या झाडाखाली, ती करडी हॅचबॅक उभी असते. मागच्या काचेवरच्या धुळीत कोणा पोराने बोटाने ‘धुवा’ असं लिहिलं होतं. महिनाभराने त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘प्लीज’ उमटलं. डावा आरसा गेल्या गणपतीपासून चिकटपट्टीच्या भरवशावर आहे. उरलेल्या गाड्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात राहतात. त्यांच्यावर धुळीचा कण नाही, त्यांचे आरसे जागच्या जागी आहेत आणि त्यांतल्या एकेका आरशाला दाजींनी एकेक रविवार वाहिलेला आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बँकेत अधिकारी, वय चोपन्न, साखर काठावर. व्यसन एकच: मोटारीच्या सुट्या भागांची प्लॅस्टिकची किट आणायची, ती जोडायची आणि रंगवायची. माप बहुतेक एकास चोवीस. म्हणजे चार मीटरची गाडी सतरा सेंटिमीटरांत बसवायची. या मापात दाजी स्वतः सात सेंटिमीटरचे भरतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की ते तिथेच राहतात. आपल्या मापाच्या जगात फक्त बँकेपुरते आणि लग्नाकार्यापुरते येतात.

कपाटासमोर उभा राहिलेला पाहुणा आधी विचारतो, “चालतात का हो या?” दाजी नाही म्हणतात. मग “केवढ्याला पडते एक?” याचं उत्तर दाजी मोघम देतात, कारण ताई स्वयंपाकघरात असली तरी तिचे कान बाहेरच असतात. शेवटी पाहुणा आपुलकीने म्हणतो, “आमच्या नातवाकडे सेम अशीच आहे. रिमोटची.” इथे कपाट बंद होतं आणि चहा लवकर येतो. ‘खेळणं’ हा शब्द या घरात काढायचा नाही, हे माझ्या भाच्याला बालवाडीपासून ठाऊक आहे. भारत सरकारला मात्र ते कोणी सांगितलेलं नाही. सीमाशुल्काच्या दरपत्रकात या प्रतिकृती ९५०३ या शीर्षकाखाली येतात, आणि त्याच शीर्षकाखाली तीनचाकी सायकली, बाहुल्या, बाहुल्यांच्या ढकलगाड्या आणि कोडीही येतात. २०२० च्या अर्थसंकल्पात या सगळ्या गोतावळ्यावरचं मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. दाजींना टक्क्यांचं वाईट वाटलंच, पण बाहुलीच्या ढकलगाडीशेजारी बसवल्याचं जास्त लागलं. “निदान वेगळी ओळ तरी द्यायची,” असं ते अजून म्हणतात.

नवा खोका आला की त्या रात्री दाजी काही जोडत नाहीत. नुसतं बघतात. झाकणाखाली अखंड बॉडी, पांढऱ्या प्लॅस्टिकची. त्याखाली पिशव्यांत स्प्रू, म्हणजे सळ्यांच्या चौकटी, आणि त्यांना बारीक देठांनी लटकलेले शंभरेक भाग, प्रत्येकाशेजारी नंबर. काचा वेगळ्या, रबरी टायर वेगळे, क्रोमचं सामान वेगळं. दाजी एकेक चौकट दिव्यासमोर धरतात, ‘हं’ म्हणतात आणि ठेवून देतात. सूचनापत्रिका अंथरुणात वाचतात. ती जपानीत असली तरी वाचतात.

रेव्हेल, हासेगावा, फुजिमी, आओशिमा, इटालेरी या किट काढणाऱ्या कंपन्यांविषयी दाजींची मतं गाण्यातल्या घराण्यांविषयी जाणकारांची असतात तशी ठाम आणि थोडी भांडखोर आहेत. पण तामियाचं नाव निघालं की ते मांडी बदलून बसतात. शिझुओका शहरातली ही कंपनी १९४६ मध्ये लाकूड कापायची गिरणी म्हणून सुरू झाली. मग लाकडाच्या प्रतिकृती, मग प्लॅस्टिकच्या. इतका भाग दाजी भराभर उरकतात, कारण त्यांना पोर्शेवर यायचं असतं. सत्तरीच्या दशकात पोर्शे ९३४ ची एकास बारा मापाची किट काढायची ठरली. बाहेरून घेतलेल्या मोजमापांनी भागेना. तेव्हा कंपनीच्या शुन्साकू तामियांनी सरळ एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि मापं घेण्यासाठी तिचा खिळा न खिळा सुटा केला. किट १९७६ मध्ये आली. इथे दाजी थांबतात आणि श्रोत्यांकडे आळीपाळीने बघतात.

“मग परत जोडली का ती?” ताई विचारते. तिने हे आख्यान लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून ऐकलेलं आहे.

“तो प्रश्न गौण आहे.”

“पैसे कोणाचे होते?”

“कंपनीचे.”

“मग ठीक आहे,” ताई म्हणते आणि वाटाणे सोलायला लागते.

डोंबिवलीची हवा हा या छंदाचा उघड शत्रू आहे. पावसाळ्यात लॅकर फवारलं की थिनर उडता उडता पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि लालभडक फेरारी दुधी दिसायला लागते. म्हणून दाजींच्या वर्षाला दोन हंगाम आहेत. जून ते सप्टेंबर कापायचं, घासायचं, जोडायचं. रंगाचं काम दसऱ्यानंतर, आणि खरं काम डिसेंबर-जानेवारीत. लोक हुरडा खायला जातात तेव्हा दाजी बाथरूममध्ये जातात. एक्झॉस्ट फॅन फक्त तिथेच आहे. तोंडावर दोन डब्यांचा मास्क, हातात एअरब्रश, कमोडच्या झाकणावर कॉम्प्रेसर, आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांत पकडलेली बॉडी. बाहेर ताईच्या सासूबाई टॉवेल घेऊन उभ्या.

“अरे, मी अंघोळ कधी करू?”

“आई, दुसरा हात चालू आहे.”

“माझे दोन्ही गार पडले.”

हात तीन द्यायचे असतात. पहिला इतका पुसट की दिलाय की नाही कळू नये, दुसरा अंग झाकण्यापुरता, तिसरा ओलसर, चमक आणणारा. घाईने एकच जाड थर दिला तर काय होतं, हे दाजी गणित करून दाखवतात: मॉडेलवर एक दशांश मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटरचा गिलावा; दारांच्या फटी बुजल्याच म्हणून समजा. वाळवायला धूळ न शिरणारी जागा हवी. ती घरात एकच होती, पोळ्यांचा स्टीलचा डबा. त्या आठवड्यात घरच्या पोळ्यांना थिनरचा वास येत होता आणि दाजींना तो येत नव्हता. आता एक स्वतंत्र डबा आहे. पूर्वी त्यात अनारसे असायचे.

डब्यातून बॉडी निघाल्यावर पहिली गोष्ट, केस. पारदर्शक थराखाली, टपाच्या बरोब्बर मध्यावर, एक केस अडकलेला असतोच. दाजी तो भिंगातून बघतात, मग घरातल्या प्रत्येकाच्या डोक्याकडे बघतात. चौकशी होते. केस काळा असेल तर दाजी सुटतात. त्यांच्याकडे तसे फारसे उरलेले नाहीत. मग दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासणं सुरू होतं. यात सगळा धोका कडांना. बॉनेटच्या घडीवरून बोट एकदा जास्त फिरलं की लाल रंगाखालचा करडा प्रायमर डोकावतो, केसाएवढी रेघ. समोरच्याला ती दाखवली तरी दिसत नाही. दाजी ती रेघ मिनिटभर बघतात, काही न बोलता उठतात आणि पूर्ण बॉडीचा रंग काढायच्या द्रावणात बुडवून येतात. पुन्हा पहिल्या हातापासून. मला वाटतं, त्या क्षणी ते मनातून खूश असतात. संपत आलेलं काम पुन्हा हाती आलेलं असतं.

घरातली कुठलीही वस्तू या माणसापासून सुरक्षित नाही. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी आरशांना जाते. चहाचं जुनं गाळणं रेडिएटरची जाळी होतं. ताईचा हेअर ड्रायर डेकल बसवायला, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायच्या त्या पातळ चित्रांना. डेकल वक्र भागावर बसवताना त्यावर एक मऊ करणारं द्रावण लावतात. लावल्याबरोबर त्याला सुरकुत्या पडतात आणि नवखा माणूस घाबरून बोट लावतो. तिथेच त्याचं मातेरं होतं. हात मागे घेऊन गप्प बसलं तर ते आपोआप ताणून चपखल बसतं. बँकेत कोणतीही फाइल अशी आपोआप बसल्याचं मी दाजींकडून ऐकलेलं नाही. ताईच्या पाटल्यांच्या डबीतलं मरून मखमल एके दिवशी नाहीसं झालं आणि महिन्याभरात एका जॅग्वारमध्ये गालिचा म्हणून प्रकट झालं. ताईने चष्मा लावून ते ओळखलं. “छान बसलंय,” एवढंच म्हणाली, आणि पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून आली.

आयुष्यात सिगारेटला न शिवलेले हे गृहस्थ सिगारेटची नावं परदेशातून मागवतात, हाही एक प्रकार सांगायला हवा. जुन्या शर्यतीच्या गाड्यांवर तंबाखूच्या जाहिराती असत. आता किटमधल्या डेकलमधून ती नावं बहुधा गाळलेली असतात आणि तिथे मोकळी जागा किंवा नुसत्या पट्ट्या येतात. १९८८ च्या हंगामात सोळापैकी पंधरा शर्यती जिंकलेली मॅकलॅरेन एमपी ४/४ अशी अर्धवट लेऊन उभी करायची, हे दाजींना अधर्म वाटतं. म्हणून ती अक्षरं तयार करणाऱ्या छोट्या विक्रेत्यांकडून ते वेगळी मागवतात. एकदा पाकीट ताईच्या सासूबाईंच्या हाती पडलं. त्यांनी ते देवापुढे ठेवलं आणि मुलाशी दोन दिवस अबोला धरला.

आणि हरवलेला भाग. निपरने कापताना तो टुणकन उडतो. आवाज येतो, मग काहीच येत नाही. सोसायटी जुनी असल्याने फरशी मोझॅकची: पांढऱ्यात काळे, तपकिरी, करडे खडे. असा रंग लपणाऱ्याच्या सोयीसाठीच केलेला असतो. दाजी दिवे मालवतात, बॅटरी जमिनीवर आडवी ठेवतात आणि गाल फरशीला लावून बघतात, कारण आडव्या उजेडात तिळाएवढ्या वस्तूचीही लांब सावली पडते. तोपर्यंत कोणी चालायचं नाही. कामवाल्या मावशी आल्या तर त्यांचा केर पिठाच्या चाळणीतून चाळून मगच टाकायचा. मावशींनी यासाठी महिना शंभर रुपये वाढवून घेतले आहेत. एकदा वायपरचं पातं सापडेना. दाजींनी प्लॅस्टिकची सळई मेणबत्तीवर तापवून, ताणून, केसासारखी तार काढून नवं बनवलं. बसवलं. संध्याकाळी जुनं त्यांच्याच बनियनला चिकटलेलं ताईला दिसलं. तिने तेव्हा काहीच सांगितलं नाही; मला सांगितलं.

पण हा माणूस पुरता दिसतो तो इंजिनाच्या वेळी. गेल्या वर्षी त्यांनी एक इंजिन जोडलं, अक्रोडाएवढं. त्याला डिस्ट्रिब्युटरपासून प्रत्येक प्लगपर्यंत वायरी ओवल्या. तांब्याची तार, जुन्या चार्जरमधून सोडवलेली, लाल रंगवलेली. वायरींचा क्रम खऱ्या गाडीच्या ज्वलनक्रमाप्रमाणे लावला. बॅटरीच्या टोकांवर येतो तो हिरवट गंजसुद्धा सुईच्या अग्राने दिला. मग त्यावर बॉनेट ठेवलं आणि कायमचं चिकटवून टाकलं, कारण उघडं बॉनेट असलं की गाडीची रेषा बिघडते.

“मग आतलं कोण बघणार?” मी विचारलं.

“का बघायचं?” दाजी म्हणाले. “आहे ना आत.”

ही जमात अशीच आहे. दिसणाऱ्या बाजूला थोडं इकडेतिकडे झालं तर एकवेळ चालवून घेतील, पण झाकलेल्या भागात चुकीचा काळा चालणार नाही. काळे चार प्रकारचे: चमकदार, निम्मे चमकदार, मंद आणि रबरी. खऱ्या गाडीचं बॉनेट मात्र दाजींनी स्वतः उघडल्याचं मला स्मरत नाही. ती एकदा ठाकुर्लीच्या पुलाजवळ बंद पडली. मेकॅनिकने येऊन बॉनेट वर केलं आणि दाजी पहिल्यांदा आत वाकले. मेकॅनिकला वाटलं, गिऱ्हाइकाला कळतंय. “रेडिएटरचा पाइप बघितलात?” दाजी हळहळून म्हणाले. “मी इतकी वर्षं मंद काळा देतोय. हा तर निम्मा चमकदार आहे.” मग त्यांनी सगळ्या बाजूंनी फोटो घेतले. मागे हॉर्न वाजत होते. मेकॅनिक पाना धरून थांबला होता. दाजींनी त्याला जरा बाजूला सरकायला सांगितलं, सावली पडत होती.

गाडी धुण्याचं मी एकदा सुचवून पाहिलं. त्यावर कळलं की ती धूळ मुद्दाम ठेवलेली आहे. दाजींनी तेव्हा रॅलीची एक गाडी करायला घेतली होती, आणि चिखल चाकाच्या कमानीत कसा बसतो, दारांच्या खालच्या अंगाला कसा ओघळतो, हे त्यांना बघून बघून रंगवायचं होतं. पातळ तपकिरी रंग, खडूची भुकटी, स्पंजचा तुकडा, असं पंधरवडाभर चाललं. चिखल अप्रतिम उतरला. “आता तरी धुवायला हरकत नाही,” मी म्हटलं. “थांबा,” दाजी म्हणाले, “पक्ष्यांचं अजून जमलेलं नाही.”

केलेल्या गाड्या चाळीसेक असल्या तरी न केलेल्या मोजायला ताईने माझी मदत घेतली. माळ्यावर, दिवाणच्या पोटात, शिलाई मशिनच्या मागे आणि ‘जुने आयकर कागद’ लिहिलेल्या खोक्यात मिळून साठ निघाल्या. दाजींचं म्हणणं, कंपन्या किटचं उत्पादन कधी थांबवतील नेम नाही, तेव्हा मिळते तेव्हा घेऊन ठेवलेली बरी. ताईने शांतपणे हिशोब मांडला. वर्षाला दोन गाड्या. साठ म्हणजे तीस वर्षं. चोपन्न अधिक तीस. “चौऱ्याऐंशीपर्यंत तुम्हाला काही होत नाही,” ती म्हणाली. दाजींना हा टोमणा आहे हे कळलंच नाही. ते मनापासून म्हणाले, “म्हणजे अजून थोड्या घ्यायला जागा आहे.”

इतक्या गाड्यांत त्यांना हवी होती ती मात्र हवी तशी कुठल्याच खोक्यात मिळेना. पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघालेली आणि पुढे सत्तरीच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झालेली. दाजींच्या लहानपणी पाहुण्यांना घेऊन व्हीटीहून दादरला यायचं म्हणजे हीच, काळी-पिवळी, टपावर कॅरिअर आणि त्यावर वळकट्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीचा निरोप झाला. शेवटची २००३ मध्ये नोंदली गेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. त्या बातमीने दाजी पेटले. पातळ प्लॅस्टिकचे पत्रे आणून गाडी मुळापासून उभी करायची ठरली.

मापांसाठी शेजारच्या सोसायटीत ताडपत्रीखालची एक पद्मिनी सापडली. दाजी टेप आणि व्हर्निअर घेऊन रविवारी सकाळी तिथे पोचले. मालकांना वाटलं, भंगारवाल्याने पाठवलंय. समजूत घालण्यात चहा झाला. मग दाजी गाडीखाली शिरले. दोन्ही आसांमधलं अंतर २३४० मिलिमीटर. भागिले चोवीस, साडेसत्त्याण्णव. इथवर ठीक. पण डावा दरवाजा उजव्यापेक्षा चार मिलिमीटर मोठा भरला. पुन्हा मोजलं, तेच. कधीतरी ठोकून सरळ केलेला असणार, असं मालक म्हणाले. दाजींनी वहीत लिहून घेतलं: ‘गाडी चुकीची आहे.’

पद्मिनीला दोन वर्षं लागली. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढची अखंड सीट, बाहेर डाव्या अंगाला बसवलेला मीटर, सगळं केलं. टपाचा पिवळा ठरवायलाच एक हिवाळा गेला, कारण दाजींच्या मते तो लिंबाचाही नव्हता आणि हळदीचाही नव्हता, आणि फोटोंचा भरवसा नाही. अखेर या फेब्रुवारीत गाडी उभी राहिली, आणि दाजी पहिल्यांदाच स्वतःहून कोणाला तरी दाखवायला निघाले: तळमजल्यावरचे मामा, मूळचे जुन्नरकडचे, ज्यांनी उभी हयात मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवली.

मामांनी चष्मा पुसला. गाडी हातात न घेता चारी बाजूंनी खाली वाकून पाहिली. दाजी श्वास धरून उभे होते.

“एक नंबर, साहेब,” मामा म्हणाले. “गिअरचा दांडा तर जसाच्या तसा. फक्त ही काच तुम्ही पूर्ण वर केलीय.”

“मग?”

“डायवरच्या बाजूची पूर्ण वर कधी जायची नाही. दोन बोटं उघडीच राहायची. पावसात फडकं कोंबायचो आम्ही. पिवळं. साबणाच्या पुडीवर फुकट मिळायचं ते.”

काच आतून चिकटवलेली होती. ती काढायची तर दाराचं अस्तर काढायला हवं, अस्तर काढायचं तर सीट, सीटसाठी तळ. दाजींनी मनातल्या मनात एकेक भाग सुटा केला असावा, कारण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग चढत गेला. “दोन बोटं म्हणजे किती मिलिमीटर?” त्यांनी खिशातून वही काढली.

“परत?” दारात उभी असलेली ताई म्हणाली.

मामांनी तोवर खुर्ची ओढून घेतली होती. त्यांना आता डिकीच्या कडीचंही आठवायला लागलं होतं.